अंत नसलेलं पाणी

झालेव्यात, आमच्या गावात, कुणाच्या कोंबडीच्या पोटात खिळा निघाला, की ती बाई कोंबडी फडक्यात गुंडाळून तडक रब्बी एल्याकिमांच्या दाराशी हजर. आमच्या ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे ती खायची की फेकायची, हे तेच सांगणार. रब्बी कोंबडी खिडकीशी न्यायचे, आतडं बोटावर पसरून उजेडात धरायचे, उलटं करून पुन्हा धरायचे. बाई गरीब असली तर आणखी एकदा. मग "उकड आणि खा" म्हणाले, की तिचा जीव भांड्यात पडायचा. शब्बाथच्या, शनिवारच्या सणाच्या तोंडावर घरातली एकुलती कोंबडी हातची जाणं म्हणजे काय, हे या माणसाला कुणी समजावायला नको होतं.

उपास त्यांनी पोटभर केले होते. बाप नदीवर लाकडाचे तराफे हाकणारा. तो तापाने गेला आणि आई त्याच्या पाठोपाठ. मामाने पोराला तालमुदच्या, म्हणजे आमच्या धर्मशास्त्राच्या पाठशाळेत नेऊन टाकलं आणि हात झटकले. तिथली रीत अशी, की झोपायचं बाकावर आणि जेवायचं वार लावून, रोज वेगळ्या घरी. सोमवार चांभाराकडे, मंगळवार खाटकाच्या विधवेकडे. बुधवारचं घर एल्याकिमला कधी मिळालंच नाही. पुढे मोठेपणी कुणी विचारलं, की एवढं अरमाईक तुम्ही शिकलात तरी कधी, तर म्हणायचे, "बुधवारी. बाकीच्या दिवशी जेवायला जावं लागायचं."

अरमाईक ही आमच्या बाबेलच्या पूर्वजांची बोली. त्यांनी भांडणं, सौदे, लग्नं, काडीमोड सगळं तिच्यात केलं आणि तालमुदमध्ये भरून ठेवलं. लग्नाचा करार आम्ही अजून तिच्यातच वाचतो, मेलेल्यामागे म्हणायची प्रार्थनाही तिच्यातच. म्हणणाऱ्यांतल्या बहुतेकांना अर्थाचा पत्ता नसतो, तरी रडू बरोबर जागच्या जागी येतं. एल्याकिमांना शब्दन् शब्द ठाऊक. कुठला शब्द कुठून आला, त्याचे सगेसोयरे कोण, कुठल्या पानावर तो रागावलाय आणि कुठल्या पानावर थट्टा करतोय. या शब्दांचा एक मोठा ग्रंथ ते लिहीत होते. पाटाचे, कालव्याचे, डबक्याचे, दलदलीचे, उतार असलेल्या पाण्याचे शब्द वेगळे, आणि प्रत्येकावर पानंच्या पानं. बाबेलचे कालवे त्यांना आमच्या गल्लीपेक्षा जास्त पाठ होते. आता हे मी कौतुकाने सांगतोय की रागाने, ते माझं मलाच कळत नाही.

घर चालायचं ते त्यांच्या बायकोवर, त्सिवियावर. रब्बीच्या घरानेच गावाला खमीर विकायचं असा आमच्याकडे रिवाज. त्यामुळे गुरुवारी त्सिवियाच्या दाराशी बायकांची ही गर्दी, शब्बाथच्या पावासाठी. ती लाकडी पिंपातून खमीर काढून द्यायची आणि आतल्या खोलीकडे मान वेळावून टोमणे मारायची. जुने लोक म्हणतात, देवदूतांना सगळ्या भाषा येतात, अरमाईक तेवढी येत नाही. एकदा रब्बी हे आनंदाने तिला सांगायला गेले.

"देवदूतांना येत नाही आणि मलाही येत नाही," त्सिविया म्हणाली. "पण ते खमीर विकत नाहीत. तेव्हा तुम्ही जरा हे पिंप धरा."

त्यांनी धरलं. बायकोच्या शब्दाबाहेर नव्हतेच ते कधी.

हिवाळा सरत आला होता, तेव्हाची गोष्ट. बर्फ वरून घट्ट, आतून पोकळ. नोत्ल नावाचा तरणा गाडीवान मासळी आणायला घसरगाडी घेऊन वेर्ना तळ्यावरून निघाला आणि मध्यावर बर्फ फुटला. मासळीवाला कोपल आणि त्याचा भाऊ काठावर उभे होते. दुसऱ्या दिवशी ते दोघे रब्बींसमोर साक्षीला आले. दाराशी नोत्लची बायको हेन्या उभी होती. लग्नाला दोन वर्षं झालेली, मूल अजून नव्हतं.

"पडताना पाहिलंत?" रब्बींनी विचारलं.

"पाहिलं. आधी घोडा गेला, मग गाडी, मग तो," कोपल म्हणाला.

"नोत्लच होता कशावरून?"

"त्याने मला नावाने हाक मारली, रब्बी." कोपल म्हणाला.

"कुठलं तळं?"

"वेर्ना."

वेर्नाचं नाव ऐकल्यावर रब्बींनी डोळे मिटले. कोपल सांगत राहिला, "आम्ही तिथेच उभे राहिलो, पार अंधार पडेपर्यंत. चहूकडे नजर—"

"विचारलं तेवढंच सांग, कोपल. त्या तळ्याचा निकाल झालेला आहे."

आमचा कायदा असा. ज्या पाण्याचे सगळे काठ उभ्या जागेवरून दिसतात, त्यात माणूस बुडाला आणि बराच वेळ वर आला नाही, तर तो मेला, बायको मोकळी. पण ज्या पाण्याचा अंत दिसत नाही, त्यात बुडालेला कुणी सांगावं, पलीकडे कुठे तरी काठाला लागला असेल. प्रेत हाती येईपर्यंत बायको त्याचीच. तिने दुसरं लग्न केलं आणि पहिला परत उगवला, तर तिला दोन्ही नवरे सोडावे लागतात आणि झालेल्या पोरांना पिढ्यान्‌पिढ्या बट्टा. म्हणून अशी परवानगी देताना भल्याभल्यांचे हात कापतात. आणि वेर्नाचा निकाल एल्याकिमांच्याही आधीच्या, थोर रब्बीने दिलेला होता. त्या काळी एक टोपीवाला त्यात बुडाला होता, आणि त्या रब्बीने स्वतः लिहून ठेवलं होतं, की वेर्ना जंगलामागे वळतं, त्याचा अंत दिसत नाही. काळ्या दगडावरची रेघ.

हेन्या पुढे आली. "रब्बी, मग मी कोण? विधवा, की नवऱ्याची बायको?"

"नवऱ्याची बायको."

"शोकाला जमिनीवर बसू का?"

"नको बसूस, मुली," ते म्हणाले, आणि त्यांच्या दाढीवरून पाणी ओघळलं. ते खोटं नव्हतं.

ती न बसता गेली.

मग वर्षं जायला लागली. वसंतात प्रेत सापडलं नाही. तळ्याचा गाळ माणूस परत देत नाही. हेन्या पोटासाठी हंसांची पिसं सोलायची, उशा भरून द्यायची. तिच्या केसांत, भुवयांत कायम पिसं. सणासुदीच्या आधी ती रब्बींच्या दाराशी यायची आणि एकच विचारायची, "काही सापडलं का?"

रब्बी शोधत होते, हे मात्र मान्य करायला हवं. शब्दांचा ग्रंथ बाजूला पडला. जुने निकाल उपसले, बुडालेल्यांच्या, हरवलेल्यांच्या, लढाईतून न परतलेल्यांच्या सगळ्या कथा पालथ्या घातल्या. विल्नाला लिहिलं, कोव्नोला लिहिलं, पार वॉर्सापर्यंत लिहिलं. मोठमोठ्या पंडितांची उत्तरं आली, आणि सगळ्यांचं उत्तर एकच: पाण्याला अंत नाही म्हणता, तर वाट नाही. दुसरं काय येणार? विचारतानाच यांनी लिहिलं होतं, की पाणी अंत नसलेलं आहे. आडात नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार.

गावात फायवे म्हणून एक काच बसवणारा होता. पाठीवर काचांची चौकट बांधून फिरायचा, म्हणून नेहमी थोडा वाकलेला. हेन्याच्या खिडकीची काच या माणसाने किती वेळा बदलली असेल, देव जाणे. एवढ्या फुटक्या खिडकीचं घर आमच्या गावात दुसरं नव्हतं. लोक हसायचे, पण वाईट कुणी बोललं नाही. दोघं दाराचा उंबरा मध्ये ठेवून बोलायची. एकदा फायवे रब्बींकडे गेला.

"रब्बी, मी थांबीन. फक्त सांगा, कुठवर थांबू?"

रब्बींनी पुन्हा जुने निकाल उघडले. तो आणखी बरीच वर्षं थांबला, मग अमेरिकेला गेला. तिथे त्याने लग्न केल्याची, मूल झाल्याची बातमी आली. त्यानंतर हेन्या सणांच्या आधी विचारायला यायची बंद झाली. त्सिवियाने एकदा तिला खमीर देताना हात धरला, तर तिने तो हलकेच सोडवून घेतला.

त्यालाही दहाएक वर्षं उलटली असतील. उन्हाळ्यात मिश्किने नावाच्या खेड्यातून सांगावा आला, की एकुलत्या एका ज्यू घरात मुलगा झालाय, सुंतेला रब्बींनी यावं. गेदाल्या गाडीवानाने त्यांना गाडीत घातलं. रब्बी वाटेत पुस्तक वाचत होते, म्हणजे नेहमीसारखेच. गेदाल्याने घोड्याला पाणी पाजायला गाडी थांबवली, तेव्हा त्यांनी मान वर केली.

समोर तळं होतं. पलीकडच्या काठावर एक माणूस गवत कापत होता, त्याच्या विळ्याचा आवाज इकडे ऐकू येत होता. डावीकडे बाई कपडे धूत होती. उजवीकडे जंगल होतं, आणि जंगलाच्या अलीकडेच पाणी संपत होतं. तिथे बदकं चिखलात बसली होती.

"हे कुठलं रे तळं?"

"वेर्ना. दुसरं कुठलं?"

"वेर्ना जंगलामागे जातं."

"जायचं. माझ्या आज्याच्या काळात," गेदाल्या घोड्याच्या मानेवर थाप मारत म्हणाला. "जमीनदाराने चर खणून पाणी नदीत सोडलं ना, चाऱ्यासाठी कुरण करायला. मी जन्मलो तेव्हापासून हे एवढंच आहे. आता मला पन्नाशी आली."

रब्बी गाडीतून उतरले. पाण्याच्या कडेपर्यंत गेले आणि जागच्या जागी हळूहळू एक गिरकी घेतली. सगळे काठ दिसत होते. कुठेही मान लांब करावी लागत नव्हती. हिवाळ्यात, पानं झडलेली असताना, सगळं पांढरं असताना, त्या पांढऱ्यावर उंदीर चालला असता तरी दिसला असता. आणि दोन माणसं अंधार पडेपर्यंत इथे उभी राहून पाहत होती. रब्बींनीच ती साक्ष पुरी होऊ दिली नव्हती.

ते चिखलात बसले.

"रब्बी, सुंता खोळंबेल," गेदाल्या घाबरून म्हणाला.

"हो," म्हणाले आणि उठले. मुलाला आशीर्वाद दिला, नाव ठेवलं. वाईन ओठाला लावली आणि पेला खाली ठेवला.

परतल्यावर आधी ते कोपलच्या दुकानी गेले. "त्या दिवशी तू काय सांगत होतास?"

कोपलने हातातला मासा खाली ठेवला. मग म्हणाला, "हेच, की चहूकडे पाहिलं आणि तो कुठेच वर आला नाही. तुम्ही म्हणालात, विचारलं तेवढं सांग. मला वाटलं, मी मासळीवाला, मला कायद्यातलं काय कळतं. रब्बीला ठाऊक असणार."

घरी त्सिविया पिंप घासत होती. त्यांनी तिला उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिचे हात थांबले.

"कोंबडीचं आतडं तीनतीनदा उजेडात धरता," ती म्हणाली. "हे तळं कितीसं लांब होतं हो?"

"गाडीने दोन तास."

तोंडात पदराचा बोळा कोंबावा तसा तिने ॲप्रन तोंडाशी धरला आणि आत गेली.

शेजारच्या दोन गावांचे रब्बी एल्याकिमांनी बोलावून घेतले, त्यांना तळ्यावर उभं केलं, कोपल आणि त्याच्या भावाची साक्ष पुन्हा घेतली, यावेळी शेवटपर्यंत. त्या दोघा रब्बींनीही मान डोलावली: बाई मोकळी आहे, पहिल्या दिवसापासून मोकळी होती. हे कानावर जाताच गावचे प्रमुख, झिमेल चामडेवाले, धावत आले.

"परवानगी द्या, कोण नको म्हणतंय," झिमेल म्हणाले. "पण गुपचूप द्या. नवी माहिती हाती आली म्हणा."

"नवं काय आहे त्यात? तळं माझ्या आधीपासून तसंच आहे."

"अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्ही चारचौघांत चुकलो म्हणणार म्हणजे हात दाखवून अवलक्षण. उद्या प्रत्येक बाई म्हणेल, माझ्या कोंबडीचा निकाल पुन्हा बघा."

"बघीन," रब्बी म्हणाले.

आमच्यात एक जुना हक्क आहे. ज्याच्यावर अन्याय झाला आणि कुणी ऐकत नाही, त्याने शब्बाथच्या सकाळी प्रार्थनामंदिरात, धर्मग्रंथाची गुंडाळी उघडायच्या आधी, व्यासपीठावर हात आपटून वाचन अडवावं. त्याचा निवाडा होईपर्यंत वाचन होत नाही. विधवांनी अडवलंय, हमालांनी अडवलंय. रब्बीने अडवलेलं कुणी ऐकलं नव्हतं. त्या शनिवारी एल्याकिम वर चढले आणि तळहात आपटला.

"मी वाचन अडवतोय," ते म्हणाले. "फिर्याद हेन्याची आहे. आरोपी मी आहे."

मग त्यांनी तळ्याचं सगळं सांगितलं, काही न वगळता. साक्ष कशी तोडली, ते सांगितलं. जाऊन पाहिलं नाही, ते सांगितलं. "पंडितांना मी पत्रं लिहिली आणि त्यांनाही फसवलं, कारण प्रश्नच खोटा होता. मेलेल्या माणसाच्या लिहिण्यावर मी विश्वास ठेवला आणि जिवंत माणसाला बोलू दिलं नाही." शेवटी त्यांनी तालमुदातल्या त्या जुन्या पंडितांचे शब्द उच्चारले, जे भरसभेत स्वतःचा निकाल मागे घ्यायचे: तुमच्यापुढे मी जे बोललो, ती माझ्या हातची चूक होती.

वर बायकांच्या सज्ज्याकडे पाहायची हिंमत कुणाला झाली नाही. हेन्या जाळीमागे उभी होती, असं बायका नंतर म्हणाल्या.

शब्बाथ संपल्यावर ते परवानगीचा कागद घेऊन तिच्या घरी गेले. तिने हात पुसले, कागद घेतला, उलटा सुलटा पाहिला. तिला वाचता येत नव्हतं.

"म्हणजे आता मी लग्न करू शकते."

"हो."

"कुणाशी करू, रब्बी? नाव सांगा." तिने कागद कोनाड्यात ठेवला. "बैल गेला आणि झोपा केला तुम्ही," ती म्हणाली आणि पुन्हा पिसांना बसली. थोड्या वेळाने न बघताच तिने विचारलं, "नोत्लच्या शोकाला आता बसले तर चालेल?"

ते म्हणाले, चालेल. मग ती जमिनीवर बसली. त्सिविया शोकाला बसलेल्याला देतात ती उकडलेली अंडी घेऊन गेली आणि तिच्याशेजारी बसून राहिली.

प्रायश्चित्ताच्या दिवशी देव स्वतःविरुद्धचे अपराध माफ करतो, माणसाविरुद्धचे नाही. त्यांची माफी त्या माणसाकडे आधी जाऊन, साक्षीला तीन जण नेऊन मागावी लागते. नाही म्हणाला तर पुन्हा जायचं. तीन वेळा झालं, की मागणारा सुटला. एल्याकिम त्या वर्षी आदल्या दिवशी गेले. हेन्या म्हणाली, "नाही." पुढल्या वर्षी गेले. "नाही." तिसऱ्या वर्षी झिमेलच साक्षीला होते. तिने तेव्हाही नाही म्हटलं, तर बाहेर पडल्यावर झिमेलनी रब्बींचा खांदा थोपटला. "सुटलात. आता तिचं तिला आणि देवाला माहीत."

चौथ्या वर्षी त्याच दिवशी रब्बी एकटेच तिच्या दाराशी उभे.

"आता कशाला आलात?" हेन्याने विचारलं. "तीनदा झालं. मला पण ठाऊक आहे तेवढं."

"तीनदा हे बाकीच्यांसाठी. अपराध गुरूचा केला असेल, तर गणती नाही. हजार वेळा जावं लागतं."

"गुरू? मला माझं नाव लिहिता येत नाही. थट्टा करताय म्हातारपणी?"

"मी चाळीस वर्षं पाठ दिले, मुली. बोलणाऱ्याला पुरतं बोलू द्यायचं, हे मला तू शिकवलंस. तुझी किंमत देऊन शिकवलंस. गुरू नाही तर कोण?"

तिने दार लोटलं नाही. पण म्हणाली, "नाही."

ते दरवर्षी जात राहिले. गावाने आधी हळहळ केली, मग चेष्टा, मग कौतुक, मग लक्ष देणं सोडलं. शब्दांचा ग्रंथ अर्धाच राहिला, त्यांनी तो पुन्हा हातात घेतला नाही. कुणी निकाल मागायला आलं, की आधी टोपी चढवून म्हणायचे, "चल, दाखव." भांडण भिंतीचं असेल तर भिंतीपाशी, विहिरीचं असेल तर विहिरीपाशी. साक्षीदार फापटपसारा सांगायला लागला, तरी खाली मान घालून ऐकत बसायचे. झिमेल म्हणायचे, या माणसापुढे साक्ष द्यायची तर डबा बांधून न्यावा.

मग पाय गेले. त्या वर्षीचा तो दिवस आला, तेव्हा एल्याकिम अंथरुणाला खिळले होते. त्सिविया त्यांना चमच्याने सूप भरवत होती, आणि ते दाराकडे बघत होते. दुपार कलायला लागली. संध्याकाळी प्रायश्चित्ताचा उपास सुरू होणार, त्याआधी जायचं होतं, आणि जाता येत नव्हतं.

दार वाजलं. हेन्या आत आली. केस पांढरे झाले होते, आता त्यांत पिसं आहेत की नाहीत हे कळत नव्हतं.

"आज आला नाहीत," ती म्हणाली.

"पाय चालत नाहीत, मुली."

ती पलंगाशी येऊन उभी राहिली. "बरं. मी आलेय. मागा."

त्सिवियाने वाटी खाली ठेवली. एल्याकिमांनी उठून बसायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तेव्हा पडल्या पडल्याच म्हणाले, "हेन्या, मी तुझा अपराधी आहे. मला माफ कर."

"मी वर्षानुवर्षं नाही म्हणत आले," ती म्हणाली. "हट्ट होता थोडा, कबूल आहे. पण नुसता हट्ट नव्हता. दरवेळी विचार करायची, माझं काय काय गेलं. जे माझं गेलं, ते मी कधीच सोडून दिलंय. पण जी मुलं मला झाली असती, ती जन्मालाच आली नाहीत. त्यांच्या वतीने मी कशी माफी देऊ? ते माझ्या हातात नाही, रब्बी. म्हणून नाही म्हणत होते. आज माझ्यापुरती देते. माझ्यापुरतं माफ केलं."

तिने आणखी दोनदा म्हटलं, "माफ केलं," जशी रीत आहे तसं, स्पष्ट, एकूण तीन वेळा.

एल्याकिमांनी डोळे मिटून घेतले. त्सिवियाला वाटलं, झोपले. मग त्यांचे ओठ हलले.

"खरं आहे तुझं," ते म्हणाले. "त्यांच्याकडे मी तिकडे गेल्यावर स्वतः मागीन."